हार घालायचा नाही

अन्याय माझ्या बाबांवर झाला. या वर्षी, मार्चच्या पहिल्या गुरुवारी, संध्याकाळी आठच्या मालिकेत, दुसरी जाहिरात संपल्यासंपल्या. त्या मालिकेने माझ्या जिवंत बाबांचा फोटो भिंतीवर टांगला, त्याला हार घातला, खाली उदबत्ती लावली आणि सगळ्या अमेरिकेला दाखवला. विचारलं नाही, कळवलं नाही. आणि तेही 'हे करू नका' असं बाबांनी तोंडावर सांगून ठेवलेलं असताना.

इथे कुणाचंही नाव येणार नाही. ही बाबांची अट. "लिही हवं तर तुझं पत्रक," ते म्हणाले, "पण नाव नको. माझं नको, त्यांचंही नको." मला हे मुळीच पटलेलं नाही. न्यू जर्सीतल्या गोदामांत राबणाऱ्या लोकांसाठी मी पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात कंपनीचं नाव पहिल्या ओळीत असतं आणि मॅनेजरचं दुसऱ्या. पण ज्या माणसाची अट एकदा मोडली गेली, त्याची अट मी पुन्हा मोडणार नाही. तेव्हा नावं नाहीत. बाकी सगळं आहे.

तुम्ही माझ्या बाबांना पाहिलेलं आहे. हिरो घाईघाईने टॅक्सीत बसतो आणि समोरच्या आरशात दोन दमलेले डोळे दिसतात, ते बाबा. पोलिसांना मोटेलच्या खोलीची किल्ली काढून देणारा आणि "मी चेहरा नाही पाहिला" म्हणणारा माणूस, तेही बाबा. हिरॉइनला रिपोर्ट वाचून दाखवणारे डॉक्टर, दहशतवाद्याचा म्हातारा बाप, गल्ल्यामागे उभं राहून गोळी खाणारा दुकानदार. यांना इथे कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणतात. म्हणजे ज्याच्यावाचून प्रसंग उभा राहत नाही आणि पोस्टरवर ज्याचा कानसुद्धा दिसत नाही.

मूळचे नागपूरचे. तिकडे हौशी नाटकं करायचे, पण पोटापाण्यासाठी केमिस्ट झाले आणि इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला एका औषधांच्या कंपनीत संशोधन करायला आले. मी तिसरीत असताना त्या कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला. मराठी मंडळातल्या एका काकांनी तीन ठिकाणी रेझ्युमे पाठवायची तयारी दाखवली. बाबांनी तोवर एका जाहिरातीत एकही वाक्य नसलेल्या शेजाऱ्याचं काम करून टाकलं होतं. आईने विचारलं, "अहो, मग आता हेच?" बाबा म्हणाले, "बघू काही दिवस." ते काही दिवस अजून चालू आहेत. प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कची गाडी पकडायची, हातात कव्हरमध्ये इस्त्री केलेला कोट, खिशात दोन वाक्यांचा कागद. शूटिंग नसेल तेव्हा बेसमेंटमध्ये निळी चादर टांगून घरीच ऑडिशन रेकॉर्ड करायची. समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचायची. शाळेतून येऊन, दप्तर खाली टाकून, मी माझ्या बापाला अनेकदा अटक केली आहे. धमक्या दिल्या आहेत. "इंग्रजी येतं का रे तुला?" असं हिणवलं आहे. ते काम झालं की दोघं वर येऊन पोहे खायचो.

बाबांची काम करायची एक पद्धत आहे. कागदावर त्यांच्या पात्राला नाव नसतं. 'टॅक्सी ड्रायव्हर', 'दुकानदार दोन' एवढंच असतं. बाबा त्याला आधी गाव देतात. टॅक्सीवाला कामठीचा. मोटेलवाला कोल्हापूरचा. डॉक्टर पुण्याचे, म्हणजे चूक मुळात पेशंटचीच आहे अशा सुरात रिपोर्ट वाचणारे. मग त्या गावचा माणूस इंग्रजी कसं बोलेल, तसं ते बोलतात. सेटवर कुणालाच फरक कळत नाही, सगळे म्हणतात 'छान इंडियन अ‍ॅक्सेंट'. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, त्यांना सगळं सारखंच ऐकू येतं, कशाला एवढी मेहनत?" ते म्हणाले, "काहून? मला माहीत आहे ना तो माणूस कुठला आहे ते."

आता मरण्याबद्दल. या व्यवसायात आमच्या रंगाच्या, त्यांच्या वयाच्या माणसाला पुष्कळदा मरावं लागतं. आईने त्याचाही बंदोबस्त केला होता. ज्या दिवशी बाबा सेटवर मरून यायचे, त्या दिवशी ती त्यांना सरळ घरात घ्यायची नाही. गॅरेजमध्ये उभं करायची. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, कॅमेऱ्याची," असं पुटपुटत ती त्यांच्यावरून मूठ ओवाळायची आणि मग कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीवर सगळं जाळायची. स्वयंपाकघरात नाही, कारण पहिल्यांदा तिथे जाळलं तेव्हा स्मोक अलार्म असा कोकलला की शेजारची बाई नाइटगाऊनवर बाहेर आली. तेव्हापासून गॅरेज, दार अर्धं वर. मिरच्यांचा ठसका रस्त्यावर जायचा आणि आतून बाबांचा आवाज यायचा, "अगं, पायालाच लागली आज गोळी. दवाखान्यात वाचतो मी पुढच्या भागात." "उभे राहा गप."

मला हे सगळं भंपक वाटायचं. मी तोंडावर तसं म्हणायचे. पण गाडीचा आवाज आला की शेगडी मीच काढून ठेवायचे.

आणि एक अट होती. ही आईची, पण बाबांनी ती आयुष्यभर पाळली. गोळी चालेल, विष चालेल, स्फोट चालेल. पण तिरडी नको आणि फोटोला हार नको. दोन कामं त्यांनी या अटीपायी सोडली. मला आठवतंय, बाबांना कामं मिळवून देणाऱ्या एजंट बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "तुम्ही मरायला तयार आहात, पण फुलांना नाही?" बाबा म्हणाले, "एक्झॅक्टली."

दोन वर्षांपूर्वी त्यांना त्या मालिकेत काम मिळालं. एका तरुण वकिलाचे वडील, लाँड्रीचं दुकान. पहिल्यांदाच पात्राला नाव होतं, आडनाव होतं, पुन्हापुन्हा बोलावणं होतं. बाबांनी त्याला अचलपूर दिलं. पाच भाग झाले, त्यात त्यांना एकदा रडायलाही मिळालं. मी तो भाग माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला, आणि आम्ही संपाची तयारी सोडून पाऊण तास टीव्हीसमोर बसलो, हे आमच्या कामगार संघटनेच्या सेक्रेटरीला अजून माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना एक दिवस फक्त फोटोसाठी बोलावलं. दुकानाच्या भिंतीवर लावायला मालकाचा फोटो हवा, एवढंच सांगितलं. कोट घालून गेले, फोटो काढून आले, येताना आईसाठी बेकरीतून क्रीम रोल आणले. मरण नव्हतं, त्यामुळे गॅरेज नाही.

मग तो मार्चमधला गुरुवार. आम्ही तिघंही सोफ्यावर, हातात ताटं. जाहिरात संपली. पडद्यावर वकिलाचं घर. कॅमेरा हळूहळू भिंतीकडे सरकतो, आणि भिंतीवर बाबा. कोट, चष्मा, हलकं हसू. गळ्यात, म्हणजे चौकटीवर, चंदनाच्या सालींचा हार. खाली उदबत्ती, तिचा धूर सरळ वर. वकील हात जोडतो. मागे व्हायोलिन. बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, त्यांना तुझा अभिमान होता.

बाबांना काढून टाकलं होतं. मधल्या काळात मारलं होतं, आणि ही बातमी आम्हाला अशी कळली.

आईच्या हातातला घास हातातच राहिला. तिने बाबांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पकडलं, नखं रुतेपर्यंत. मी टीव्ही बंद केला. बाबा हसले. "मस्त आलाय फोटो," म्हणाले. पण त्यांच्या ताटातली आमटी काठावरून सांडत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "हार बरोबर होता."

"म्हणजे?" मी विचारलं.

"नेहमी सगळं चुकवतात. आपल्या देवघरात बुद्ध ठेवतात, नवरीला पांढरी साडी नेसवतात. हा हार बरोबर होता. चंदनाचा. गाठ खाली मधोमध. त्या लोकांना कुणी सांगितलं?"

बाबा चष्मा काढून पुसत म्हणाले, "मीच."

फोटोच्या दिवशी सामानाची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला त्यांनी अटीची आठवण करून दिली होती. तिला कळेना की हाराने काय बिघडतं. म्हणून बाबांनी तिला नीट समजावलं. आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. फक्त गेलेल्याच्या. चंदनाचा असतो, वर्षानुवर्षं टिकतो, खाली उदबत्ती लावतात. म्हणून प्लीज, घालू नका. ती मुलगी म्हणाली, "किती सुंदर आहे हे!" आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं. बाबांना वाटलं, अट टिपून घेतली.

हे ऐकून मला आधी राग आला नाही. राग नंतर आला. राग मला ओळखीचा आहे, त्याच्यावर माझं घर चालतं. ही भीती होती. बाबांनी दार बंद कसं करायचं ते त्यांना समजावून सांगितलं, आणि ते त्याच दाराने आत आले.

अर्ध्या तासात फोन वाजायला लागले. कुणीतरी टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. बहुधा कौतुकानेच, 'आपल्या काकांचा फोटो बघा' असं. पण तो मजकूर मागे पडला आणि नुसता फोटो पुढे निघाला. हार घातलेला माणूस. मराठी डोळ्याला आणखी काय सांगावं लागतं? 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झालं. हात जोडलेले, पणती पेटलेली. इथल्याच श्रूजबरीहून आलं, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून आलं, सकाळपर्यंत नागपूरहून आलं. एका काकांनी बाबांच्याच नंबरवर बाबांसाठी लिहिलं, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' बाबांनी उत्तर दिलं, 'थँक यू.' एवढंच त्या दिवशी आम्ही हसलो.

शनिवारी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीपाशी एक काकू समोर आल्या आणि "अगंबाई!" करून मागे सरकल्या. हातातली जुडी खाली पडली. मग दोन्ही हात गालाला लावून हसायला लागल्या. "शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला भाऊजी! अशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं बरं का."

"नुसती बातमी उठली तर वाढतं," आई म्हणाली. "हार घातल्यावर नाही."

काकूंचं हसू विरलं. त्यांनी बाबांकडे नीट बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. मीही बघितलं. आणि मला ते खरंच बारीक वाटले.

तेव्हापासून घरात काहीतरी शिरलं. बाबा दुपारी सोफ्यावर आडवे व्हायचे ते आता कुशीवरच. उताणे नाही. आई भाजी निवडायला त्यांच्याच शेजारी बसायला लागली. रूट वन हायवेवरून गाडी चालवायला ते टाळू लागले. मी आठवड्यातून एकदा यायचे ती रोज संध्याकाळी यायला लागले आणि ते झोपलेले असले तर दारात उभी राहून त्यांची छाती वरखाली होते आहे का बघायचे. मी! बैठकीत अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारी. छाती हलली की मग चप्पल काढायचे.

दोन गुरुवारांनंतर पुन्हा तोच वकील, तीच भिंत. आम्ही बघणार नव्हतो, पण बाबाच म्हणाले, "लाव. बघू हार सुकला का." वकील केस हरून घरी येतो. फोटोसमोर उभा राहतो. आणि बाबांचा आवाज येतो. पडद्यामागून, घुमत, आठवणीतला असावा तसा. "मुला," आवाज इंग्रजीत म्हणतो, "मी तुला हरायला नाही शिकवलं. मी आहे तुझ्याबरोबर."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हे तुम्ही कधी बोललात?"

"मी नाही बोललो."

"अहो, तुमचाच आवाज आहे."

"आहे," बाबा म्हणाले. "पण मी नाही बोललो."

आई टीव्हीकडे बघत होती आणि बाबांकडे, आळीपाळीने. मग अगदी हळू म्हणाली, "काहीतरी बोला. आत्ता. काहीही." बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी बाबांच्या चेहऱ्यावर इतकी भीती कधीच पाहिली नव्हती, अभिनयातही नाही.

आधीच्या पाच भागांतले संवाद कॉम्प्युटरला घालून त्यांनी तो आवाज तयार केला होता. दुसऱ्या दिवशी एजंट बाईंनीच हे सांगितलं, अगदी आनंदाने. प्रेक्षकांना ते फार आवडलंय. पुढच्या संपूर्ण सीझनमध्ये दिवंगत वडील मुलाशी बोलत राहणार. फक्त बाबांची रीतसर परवानगी हवी, पुढच्या शुक्रवारपर्यंत. "आणि तुम्हाला यायचीसुद्धा गरज नाही!" बाई म्हणाल्या. "घरी बसून काम."

बाबांना यायलाच तर आवडतं. ती गाडी, ती मेकअपची खुर्ची, दिवसभर वाट बघत प्यायलेली गार कॉफी, आणि मग कुणीतरी नावाने हाक मारतं तो क्षण.

फोन ठेवून मी सुरू केलं. पत्रक काढू, नटांच्या युनियनकडे जाऊ, स्टुडिओच्या दारात उभे राहू, मी वीस माणसं आणते. बाबा म्हणाले, "आमच्या घरातल्या पुढारी, जरा बसा." मग म्हणाले, "माझ्या वयाच्या, माझ्या रंगाच्या माणसाला इथे 'कटकट्या' म्हणून एकदा शिक्का बसला ना, की संपलं. टॅक्सीसुद्धा मिळणार नाही चालवायला." आणि मग त्यांनी ते विचारलं, जे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. "सांग. काय करू?"

कामगारांना मी फटकन सांगते, सही करू नका. इथे ते सांगता येईना. कारण मला दोन्हीकडून भीती वाटत होती. नाही म्हटलं तर त्यांना पुन्हा कुणी बोलावणार नाही आणि ते त्या सोफ्यावर कुशीवर पडून संपत जातील. हो म्हटलं तर तो आवाज चालू राहील. बाबा असतानाही आणि नसतानाही. आणि एक दिवस बाबा खरंच नसतील, तेव्हा तो टीव्हीतून 'मी आहे तुझ्याबरोबर' म्हणेल, आणि मी बघेन. मी बंद करणार नाही, मला माहीत आहे. रोज लावेन. आणि काही वर्षांनी मला आठवणार नाही की यातलं माझ्या बापाने काय म्हटलं होतं आणि काय नाही.

त्यानंतर बाबा बोलायचे बंद झाले. तोंडाने सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. जणू जितकं बोलू तितकं कुणीतरी नेईल. आई विचारायची, "मीठ कमी आहे का?" ते अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवायचे, इतकंसं. फोन मी उचलायचा. सहा दिवस त्या घरात फक्त फ्रिज बोलत होता.

गुरुवारी संध्याकाळी मी पोचले तर बेसमेंटचा दिवा चालू. बाबांनी निळी चादर टांगली होती. अंगात तो फोटोतला कोट नाही, घरातला स्वेटर. मला बघून म्हणाले, आणि आवाज गंजलेल्या कडीसारखा आला, "फोन स्टँडला लाव. टेप करायची आहे."

"कुठला सीन?"

"सीन नाही."

"समोरचं कोण वाचणार?"

"समोर कुणी नाही. तू फक्त तिथे उभी राहा, नेहमीच्या जागी."

पहिल्यांदा ते नुसतेच उभे राहिले आणि शब्द आला नाही. मी रेकॉर्डिंग थांबवलं. आई जिन्याच्या पायरीवर येऊन बसली होती. दुसऱ्यांदा बाबांनी घसा खाकरला आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी इतकी वर्षं त्यांना ऐकत आले. तो कामठीचा टॅक्सीवाला नव्हता, पुण्याचा डॉक्टर नव्हता, अचलपूरचा लाँड्रीवाला नव्हता. तो नागपूरचा केमिस्ट होता, जो घाबरलेला होता आणि तरी बोलत होता. आणि मला तेव्हा कळलं की टीव्हीतल्या त्या आवाजात मला काय खटकलं होतं. त्याला कुठलंच गाव नव्हतं.

ते एवढंच म्हणाले. मी जिवंत आहे. माझा आवाज माझ्याबरोबर येतो, एकटा येत नाही. मेलेल्या बापाचा आवाज हवा असेल तर वेळ कळवा, मी गाडीने येईन आणि मेलेल्या बापाचं काम उत्तम करून दाखवीन. पण मी न बोललेलं माझ्या तोंडी घालायला माझी परवानगी नाही. आणि तो हार काढा. तुम्हाला माहीत होतं त्याचा अर्थ काय होतो. मीच सांगितला होता.

मग कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मी 'कट' म्हणायला विसरले.

टेप आम्ही त्याच संध्याकाळी पाठवली, बाबांनी स्वतः बटण दाबलं. वर आलो तर आई गॅरेजच्या दारात उभी, मूठ मिटलेली.

"आता काहून?" बाबा म्हणाले. "मी मेलो कुठे?"

"म्हणूनच," आई म्हणाली. "उभे राहा गप."

मी दार अर्धं वर केलं. शेगडी पेटवली. या वेळी मिरच्यांचा ठसका मलाही लागला, आणि डोळे पुसायला कारण मिळालं.

त्या टेपचं उत्तर अजून आलेलं नाही. एजंट बाई म्हणतात, ते लोक विचार करताहेत. तोवर दुसरीही कामं थांबली आहेत, एकही ऑडिशन नाही. बाबांना ज्याची भीती होती ते कदाचित झालंही आहे. ते रोज सकाळी दाढी करतात, कोट इस्त्री करून कव्हरमध्ये ठेवतात आणि फोन समोर घेऊन बसतात. बोलतात मात्र. भरपूर बोलतात, आई कंटाळते इतके. मी अजूनही दारात उभी राहून त्यांची छाती बघते. गुरुवारी आम्ही टीव्ही लावत नाही, पण आठ वाजले की तिघांनाही कळतं.

आता तुमच्याबद्दल. त्या मालिकेच्या भिंतीवरून तो फोटो उतरवणं आज माझ्या हातात नाही. पण तो फोटो फक्त त्यांच्या भिंतीवर नाही. तो तुमच्याकडे आहे. ग्रुपमध्ये आला, तुम्ही पणती लावून पुढे पाठवला, आणि तो तुमच्या फोनमध्ये राहिला. त्यांनी माझ्या बाबांना विचारलं नाही, हे खरं. तुम्ही तरी कुठे विचारलंत? नंबर होता तुमच्याकडे. एक रिंग द्यायची होती, त्यांनीच उचलला असता.

म्हणून हे वाचून 'फार वाईट झालं' म्हणू नका. माझ्या हळहळीचा साठा भरलेला आहे. फोन हातात आहेच, तो ग्रुप उघडा. मार्चपर्यंत मागे जा. कोट, चष्मा, हलकं हसू, चंदनाचा हार. तो माणूस जिवंत आहे, वेस्ट विंडसरमध्ये इस्त्री करतो आहे आणि कामाची वाट बघतो आहे. तो फोटो पुसा. ज्याला पाठवलात त्यालाही पुसायला सांगा. उद्या नको, आत्ता.